बिलाचा राग



रुग्णाला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेलो की आपण सारे दोन प्रश्न विचारतो. "आता कसं आहे?" आणि "डॉक्टर काय म्हणाले?" तिसरा प्रश्न मनात असतो, पण ओठांवर येत नाही. "पैशांचं कसं चाललंय?" विचारणाऱ्यालाही संकोच आणि सांगणाऱ्यालाही. मग शहाळी टेबलावर ठेवून, एक प्रार्थना म्हणून आपण निघतो. आपली पाठ वळली की बाहेरच्या बाकावर बसलेली पत्नी पर्समधला घडी घातलेला कागद पुन्हा उघडते. आयसीयूचे दिवस, तपासण्या, औषधे, आणि सर्वांत खाली एक आकडा.

आज त्या बाकावर बसलेल्या माणसाविषयी लिहायचे आहे. कधी ती पत्नी असते, कधी पती. त्याच्या मनात काळजी असते हे सर्वांना ठाऊक असते. पण काळजीच्या शेजारी तिथे रागही बसलेला असतो, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. पैसे भरल्याची पावती दाखवल्याशिवाय पुढची तपासणी होत नाही, याचा राग. सकाळी सांगितलेला अंदाज संध्याकाळपर्यंत वाढतो, याचा राग. विमा आहे म्हणून निर्धास्त असावे, तर ऐनवेळी कळते की खोलीचे भाडे पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, म्हणून डॉक्टरांच्या फीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंतचे पैसेही त्याच प्रमाणात कापले जाणार. अनेक पॉलिसींत अशी अट असते आणि ती बहुतेकांना डिस्चार्जच्या दिवशीच समजते. आणि या सगळ्या रागाच्या तळाशी एक विचार असतो, जो स्वतःलाही सांगवत नाही: "माझा माणूस आत श्वासासाठी झगडतो आहे आणि मी इथे पैसे मोजते आहे. मी कसली बायको?"

हा शेवटचा प्रश्न हिशेबाचा नाही, सदसद्विवेकाचा आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

पैसे मोजणे म्हणजे प्रेम कमी पडणे का?

"जिवापुढे पैसा कसला!" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरेही आहे. पण त्यावरून आपण नकळत पुढची उडी मारतो: जिवाची किंमत होत नाही, म्हणून उपचाराचीही किंमत विचारू नये. इथे तर्क फसतो. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात एक भेद मांडला आहे. ज्या वस्तूच्या जागी तिच्या तोडीची दुसरी वस्तू ठेवता येते तिला किंमत असते. माणसाच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही, म्हणून त्याला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. आत खाटेवर जो आहे त्याला प्रतिष्ठा आहे. त्याला लावलेल्या सलाईनला किंमत आहे, आणि ती कोणाला तरी भरावी लागते. सलाईनची किंमत विचारल्याने माणसाची प्रतिष्ठा कमी होत नाही.

शिवाय ती पत्नी पैसे मोजते ते कशासाठी? नवरा घरी आल्यावर वर्षभर लागणाऱ्या गोळ्यांसाठी, मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी, घरात म्हातारी सासू आहे तिच्यासाठी. मोजणारा तो हात प्रेमाचाच हात आहे. विवाहाच्या वेळी वेदीसमोर आपण एकमेकांना आजारपणात आणि आरोग्यात विश्वासू राहण्याचे वचन देतो. "तुझ्यासाठी कधीही पैशांची चिंता करणार नाही" असे वचन कोणी देत नाही, कारण ते कोणाला पाळता येणारच नाही.

शुभवर्तमानालाही या विषयाचा संकोच वाटत नाही. बारा वर्षे रक्तस्रावाने आजारी असलेल्या स्त्रीची गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. ती गोष्ट आहे श्रद्धेची. तरी संत मार्क आवर्जून सांगतो की अनेक वैद्यांच्या हाताखाली तिने फार सोसले, जवळचे सगळे खर्च केले, आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढले. गंमत अशी की संत लूकच्या काही प्राचीन हस्तलिखितांत या खर्चाचा उल्लेखच सापडत नाही, आणि परंपरा सांगते की लूक स्वतः वैद्य होता! असो. महत्त्वाचे हे की प्रभूने तिला बोलते केले आणि तिने सारे खरे खरे त्याला सांगितले. बारा वर्षांच्या त्या सगळ्या हकिकतीत संपलेल्या पैशांची गोष्टही असणारच. प्रभूने ती ऐकून घेतली आणि तिला 'मुली' अशी हाक मारली.

तेव्हा पैशांचा विचार मनात येणे हे पाप नव्हे. राग येणे हेही स्वतःहून पाप नव्हे. पाप की पुण्य हे ठरते ते त्या रागाला आपण कोणाच्या दारी नेऊन सोडतो त्यावरून.

राग चुकीच्या दारी जातो तेव्हा

अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की रागावणे कोणालाही जमते. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य प्रमाणात आणि योग्य वेळी रागावणे मात्र कठीण. संत थॉमस अक्वायनस हाच धागा पुढे नेतो. विवेकाच्या मागून चालणारा राग त्याला चांगला वाटतो, विवेकाला मागे ढकलून धावणारा राग वाईट. इतकेच नव्हे, जिथे राग यायला हवा तिथे तो मुळीच न येणे हाही दोष आहे, असे तो म्हणतो. प्रभू येशू स्वतः रागावला होता. सभास्थानात वाळलेल्या हाताचा माणूस समोर उभा होता, आणि भोवतालचे लोक त्याच्या दुखण्याकडे न पाहता नियमावर बोट ठेवून बसले होते. तेव्हा प्रभूने त्यांच्याकडे रागाने पाहिले, असे मार्क लिहितो. पण राग आला म्हणून तो तिथेच थांबला नाही. त्याने त्या माणसाचा हात बरा केला.

आपला राग बहुधा असा नसतो. पाणी जसे उताराकडे वाहते तसा तो जिथे विरोध कमी तिथे जातो. दर ठरवणारे लोक वरच्या मजल्यावर असतात, ते आपल्याला दिसत नाहीत. दिसते ती काउंटरवरची मुलगी, वॉर्डबॉय, रात्रपाळीची नर्स. सारा राग त्यांच्यावर निघतो. ती मुलगी दर ठरवत नाही. उद्या तिचीच आई आजारी पडली तर त्या हॉस्पिटलातली खाट तिलाही परवडणार नाही. डॉक्टरांवर हात उगारण्याच्या बातम्याही आपण वाचतो. अशा हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. फोडलेल्या काचेने बिलातला एक रुपयाही कमी होत नाही. आणि बेन सिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखण्याची जी शिकवण आहे तीही आपण विसरू नये. प्रामाणिक डॉक्टराची योग्य फी हा त्याच्या श्रमाचा मोबदला आहे.

पण रागाचा सर्वांत खोल उतार खाटेकडे जातो. "किती वेळा सांगितलं होतं, बीपीची गोळी चुकवू नका म्हणून." "तेव्हाच तंबाखू सोडली असती तर?" आजारी माणूस उत्तर देऊ शकत नाही. तो ऐकतो आणि भिंतीकडे तोंड करतो.

पवित्र शास्त्रातल्या तोबितच्या ग्रंथात नेमका असा प्रसंग आहे. तो आपल्याकडे फारसा वाचला जात नाही, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. तोबित हा धर्मपरायण माणूस. गरिबांना दान देणारा, बेवारस प्रेतांना मूठमाती देणारा. एका रात्री अंगणात झोपला असताना चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडून त्याची दृष्टी जाऊ लागते. तो वैद्यांकडे जातो, पण जितकी मलमे लावावीत तितके दिसणे कमी होते. शेवटी तो पूर्ण आंधळा होतो. काही काळ एक नातलग त्याला सांभाळतो, पण पुढे तो दूर निघून जातो. मग घर चालवण्यासाठी त्याची पत्नी अन्ना विणकाम करू लागते. एके दिवशी मालक खूश होऊन मजुरीबरोबर तिला एक करडूही देतात. घरात करडाचा आवाज ऐकून तोबित विचारतो, हे कुठून आणलेस? ती सांगते, भेट मिळाले. त्याचा विश्वास बसत नाही. चोरीचे असेल, परत करून ये, असे तो तिला सुनावतो. तेव्हा अन्नाचा बांध फुटतो. कुठे गेली तुमची दानधर्माची पुण्याई, असे ती त्याला तोंडावर विचारते. तोबित रडतो आणि देवाकडे मरण मागतो.

भांडण करडावरून झाले, पण कारण करडू नव्हते. बायकोच्या मजुरीवर जगावे लागते याची आंधळ्या नवऱ्याला लाज वाटत होती. दिवसभर राबणाऱ्या बायकोचा शीण कोणालाच दिसत नव्हता. दोघांनीही खरे दुःख बोलून दाखवले नाही, म्हणून ते करडावर निघाले. शास्त्र या दोघांपैकी कोणालाही दुष्ट ठरवत नाही. चांगल्या घरातही आजारपण आणि पैसा एकत्र आले की असे होते, एवढेच ते दाखवते.

यावर एक साधा उपाय आहे. राग कशाचा आहे ते नाव घेऊन सांगावे. "मला बिलाचा राग आला आहे, तुझा नाही." हे एवढे वाक्य खाटेशेजारी बसून हात हातात घेऊन म्हणून पाहा. आजारी माणसाला सगळ्यात मोठी भीती असते की आपण ओझे झालो. या वाक्याने ती थोडी हलकी होते. आणि देवावरच राग आला असेल तर तोही देवालाच सांगावा. ईयोबाने सांगितला होता, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाने दोष दिला तो ईयोबाला नव्हे, त्याला गप्प बसवू पाहणाऱ्या धार्मिक मित्रांना.

राग योग्य दारी नेता येतो

योग्य राग प्रश्न विचारतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचे उदाहरण घ्या. औषध लावलेल्या एका स्टेंटवर पूर्वी लाखाच्या वर किंमत छापलेली असे. याची खरी किंमत किती, असा प्रश्न एका वकिलाने दिल्लीच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका करून लावून धरला. २०१६ मध्ये स्टेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने अशा स्टेंटची कमाल किंमत कर वगळून २९,६०० रुपये ठरवली. कोणीतरी रागावला, पण त्याने काच फोडली नाही, कागद लिहिला. त्याचा लाभ असंख्य अनोळखी रुग्णांना झाला.

आपल्या राज्यात काही हक्क आज रुग्णाला आहेत, ते माहीत असू द्या. धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे खासगी हॉस्पिटलांनी रुग्णहक्कांची सनद आणि दर लोकांना दिसतील असे लावायचे आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा आणि ती सर्वांना खुली करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. मात्र ती ठरावीक उपचारांना आणि योजनेतल्या हॉस्पिटलांतच मिळते, म्हणून दाखल करतानाच चौकशी करावी. तपशीलवार बिल मागणे, स्वस्त जेनेरिक औषध चालेल का हे डॉक्टरांना विचारणे, यात लाजण्यासारखे काही नाही. नम्रपणे विचारलेला प्रश्न हा रागाचा सर्वांत चांगला उपयोग आहे.

देशाचे चित्र थोडे सुधारले आहे. सरकारी राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २००४-०५ मध्ये देशातल्या आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी सुमारे ६९ टक्के लोकांच्या स्वतःच्या खिशातून जात होते, २०२१-२२ मध्ये ते सुमारे ३९ टक्क्यांवर आले. पण बाकावर बसलेल्या पत्नीला टक्केवारी कळून उपयोग नसतो. तिच्या हातातला आकडा तिचाच असतो.

किती खर्च करणे बंधनकारक आहे?

इथे सर्वांत कठीण प्रश्न येतो. वाडी विकायची का? राहते घर गहाण टाकायचे का? नाही टाकले तर आपण त्याला मारले असे होईल का?

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार शतकानुशतके केला आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका येथे शिकवणारा डॉमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने सांगितले होते की जीव वाचवण्यासाठी आपली सारी मालमत्ता देऊन टाकण्यास कोणी बांधलेला नाही. पुढे पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांसमोर बोलताना स्पष्ट केले की साधारणपणे माणसावर साध्या उपायांचे बंधन असते, म्हणजे स्थळ, काळ आणि परिस्थिती पाहता स्वतःवर किंवा दुसऱ्यावर फार मोठा भार न टाकणाऱ्या उपायांचे. व्हॅटिकनने ५ मे १९८० रोजी काढलेल्या दयामरणाविषयीच्या घोषणापत्रात तर कुटुंबावर अतिरेकी खर्च लादू नये अशी रुग्णाची इच्छा समजून घेतली आहे. असा उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे.

याचा अर्थ "महाग आहे, सोडून द्या" असा मुळीच नाही. उपचाराचा भार आणि त्यातून मिळणारे फळ ही दोन्ही पारडी पाहायची आहेत. ऑपरेशनने माणूस बरा होऊन पुन्हा कामाला लागणार असेल, तर कर्ज काढण्यातही शहाणपण असू शकते. पण डॉक्टरच सांगत असतील की या यंत्राने फक्त काही दिवस लांबतील, तर मुलांच्या डोक्यावरचे छप्पर विकणे हे प्रेमाचे बंधन नाही. डॉक्टरांना सरळ विचारावे, "याने नेमके काय साधेल?" रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यालाही विचारावे, कारण जीव त्याचा आहे. "माझ्यावर आता खर्च करू नका" असे तो म्हणाला, तर ते निराशेतून आहे की प्रेमातून, हे त्याच्याजवळ बसूनच कळते.

एक रेषा मात्र कधीही ओलांडायची नाही. पाणी, अन्न, स्वच्छता, वेदना कमी करणे, जवळ बसणे, साक्रामेंत देणे, यांत काटकसर नाही. एखादा उपचार परवडत नाही असे म्हणता येते, माणूस परवडत नाही असे म्हणता येत नाही. आणि ज्यांनी असा कठीण निर्णय प्रार्थनापूर्वक घेतला, आणि ज्यांचा माणूस पुढे गेला, त्यांनी "आणखी दोन लाख असते तर?" हा काटा जन्मभर उराशी धरू नये. त्यांच्याकडे जितके होते तितके प्रेम त्यांनी दिले.

दोन दिनार

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आपण जखमेवर ओतलेले तेल आणि द्राक्षारस लक्षात ठेवतो. त्याच्या पुढचे वाक्य विसरतो. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि सांगतो की जास्त खर्च झाला तर परत येताना मी भरीन. त्या काळी एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे प्रभूच्या या दाखल्यात डिपॉझिट आहे, बिल आहे, आणि उरलेली रक्कमही आहे. दया फुकट होत नाही हे प्रभूला ठाऊक होते. आणखी एक गोष्ट. शोमरोनी तिथे बसून राहिला नाही. त्याला त्याचे काम होते, म्हणून तो निघाला. पण सेवेसाठी माणूस नेमून आणि पैशांची सोय करून निघाला. सारा भार एकट्याने उचलायचा नसतो, हेही त्यात आले.

आपल्या धर्मग्रामात लग्नाला आपण रिकाम्या हाताने जात नाही. पाकीट देतो, आणि घेणाऱ्यालाही लाज वाटत नाही. मग हॉस्पिटलात शहाळ्याबरोबर एक पाकीट का नसावे? त्यावर नाव नसले तरी चालेल. ज्याला पैसे देणे शक्य नाही त्याने एक रात्र बाकावर बसावे, म्हणजे पत्नीला घरी जाऊन झोपता येईल. जो बँकेत किंवा विमा कंपनीत काम करतो त्याने कागद वाचून द्यावेत. लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत रुग्णासाठी प्रार्थना झाली की पुढचा प्रश्न हाच असू द्या: त्यांच्या घरी आज जेवण कोण पोहोचवणार? आणि कोणी जमिनीचा तुकडा विकला किंवा दागिने मोडले, तर नाक्यावर त्याची चर्चा नको.

आज मिस्साला आलेल्यांपैकी कोणाचे माणूस सध्या हॉस्पिटलात असेल, तर त्यांना एवढेच सांगतो. तुमचा राग घेऊन या. धर्मगुरूंच्या घराचे दार उघडे आहे, संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासदही मिस्सानंतर थांबतात. हॉस्पिटलची फाइल आणि विम्याचे कागद बरोबर आणा. आपण आधी प्रार्थना करू आणि मग बसून आकडेही पाहू. आणि उरलेल्या आपण सर्वांनी या आठवड्यात कोणाला भेटायला गेलो, तर तो तिसरा प्रश्न हळूच, एका बाजूला घेऊन, विचारावा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू